शाळेची खुर्ची आणि सचोटीचा निर्णय



ऊसविकास खात्याच्या माणसाने या पानावर बेण्याबद्दल लिहावे, खोडव्यातले पाचट जाळू नका म्हणून सांगावे, फार तर हुमणीचा बंदोबस्त सुचवावा, ही आपली नेहमीची अपेक्षा. ते सगळे पुढच्या अंकात येणारच आहे. या वेळी मात्र मी शाळा-कॉलेजांच्या कारभाऱ्यांविषयी लिहिणार आहे. कारण सरळ आहे. आपल्यापैकी कोणी गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत आहे, कोणी हायस्कूल चालवणाऱ्या संस्थेचा विश्वस्त आहे, कोणाचा मुलगा नाहीतर सून शिक्षकी पेशात आहे. आणि साखर कारखान्यांच्या मुलखात टनामागच्या कपातीतून किती हायस्कुले आणि कॉलेजे उभी राहिली, ते तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ज्या खुर्चीला आपल्या उसाचा पैसा लागला, त्या खुर्चीवरचा माणूस निर्णय कसा घेतो हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

एक गोष्ट आधी बोलून टाकतो. शाळेच्या पैशात हात घालणारा मुख्याध्यापक चूक की बरोबर, हा काही विचार करण्यासारखा प्रश्न नाही. त्याला पोलीस आहेत, चौकशी आहे. खरी पंचाईत होते ती दोन्ही बाजूंना काहीतरी चांगले असते तेव्हा. आमच्या खात्यात तोडणी कार्यक्रम लावताना हे रोज दिसते. लागणीच्या तारखेप्रमाणे पाळी द्यायची, हा नियम चांगला. पण एखाद्याच्या उसाला तुरा आला, पाणी संपले, घरात लग्न निघाले, म्हणून त्याची तोड पुढे घेणे हीही दयाच. एकाला दया केली की रांगेतल्या दहांवर अन्याय होतो, आणि ते दहा जण त्या वेळी आपल्यासमोर उभे नसतात. मुख्याध्यापकाचे, प्राचार्याचे आणि कुलगुरूंचे तेच. समोर उभा असतो तो एक, आणि ज्यांचे नुकसान व्हायचे ते असतात वर्गात किंवा अजून शाळेत यायचे असतात.

डोंगरातली शाळा

वेल्ह्याहून तोरण्याच्या पायथ्याने केळदकडे, मढे घाटाकडे रस्ता जातो, त्या रस्त्यावर पासली हे गाव आहे. तानाजी मालुसऱ्यांचे पार्थिव कोकणात नेले म्हणून त्या घाटाला मढे घाट हे नाव पडले, असे सांगतात. तालुका वेल्हे, ज्याला राजगड हे नाव द्यायचा निर्णय २०२४ साली मंत्रिमंडळाने घेतला. आपल्या ऊस नोंदीच्या वहीत पासली सापडायची नाही. तिकडे भात, नाचणी, वरई. पाऊस असा की आषाढात समोरचा माणूस दिसत नाही. पण त्याच डोंगररांगांतले पाणी गुंजवणीतून नीरेला येते आणि खाली आपली शेते भिजतात. तेव्हा त्या गावांशी आपला संबंध नाही असे म्हणायची सोय नाही.

मी एका गावच्या एका शाळेबद्दल बोलत नाही. हा प्रश्न मावळातल्या अशा कितीतरी वाड्यांचा आहे. वाड्या विखुरलेल्या, तरणी माणसे पुण्या-मुंबईला आणि कंपन्यांमध्ये गेलेली, घरात म्हातारी माणसे आणि थोडी मुले. समजा, शाळेचा पट अकरा आहे. जूनमध्ये दोन घरे पोटासाठी बाहेर पडली आणि चार मुले गेली. राहिली सात. चार इयत्ता, सात मुले आणि एक किंवा दोन शिक्षक. अशा शाळांवर सरकारची नजर असते. २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या १३१४ शाळा बंद करून मुले जवळच्या शाळेत पाठवायचा निर्णय झाला होता आणि त्यावर राज्यभर मोठी ओरड झाली. पुढे २०२३ च्या सप्टेंबरात शिक्षण आयुक्त कार्यालयाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. तेव्हा राज्यात अशा शाळा १४ हजार ७८३ होत्या आणि त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुले शिकत होती. नमुना म्हणून ज्या दोन समूह शाळांचे नाव घेतले गेले, त्यांतली एक नंदुरबारच्या तोरणमाळची आणि दुसरी आपल्याच वेल्हे तालुक्यातल्या पानशेतची.

आता त्या सात मुलांच्या मुख्याध्यापकाच्या जागी बसून बघा. त्याला ठाऊक आहे की शाळा गेली तर सात वर्षांची पोर ओढा ओलांडून दुसऱ्या गावाला जाणार नाही. मुलगा कदाचित जाईल, मुलगी घरी बसेल. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याखालच्या महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी. नकाशावरचा एक किलोमीटर आणि जुलै महिन्यातला डोंगरातला एक किलोमीटर यांत केवढा फरक आहे, ते तिकडे चाललेल्यालाच कळते. आणि उपाय तर हाताशी आहे. पुण्याला गेलेल्या त्या चार मुलांची नावे पटावरून काढायचीच नाहीत. कुणाचे काय बिघडते? पैसे खिशात घालायचे नाहीत, फक्त शाळा वाचवायची. हेतू चांगला.

सरकारी बाजूही अगदीच टाकाऊ नाही, हे इथे सांगायला हवे. सात मुलांत तिसरीला एकच मुलगी असेल तर तिने कोणाबरोबर पाढे म्हणायचे, कोणाशी भांडायचे? खोखोची एक बाजू भरत नाही. एका मास्तरने चार इयत्ता शिकवायच्या, माहिती भरायची, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा आणि तालुक्याला बैठकीलाही जायचे. मोठ्या शाळेत मुलांना जास्त मिळते, यात खोटे काही नाही. माझे स्वतःचे मत विचाराल तर चौथीपर्यंतची शाळा डोंगरात वाडीजवळच राहावी, पुढची खुशाल मोठी करावी. पण हे झाले मत. मुख्याध्यापकापुढचा प्रश्न वेगळा आहे. आपले म्हणणे खरे करण्यासाठी त्याने हजेरीपटावर खोटे लिहावे काय?

याचे उत्तर देण्याआधी २०११ साल आठवा. त्या वर्षी ३ ते ५ ऑक्टोबर असे तीन दिवस साऱ्या राज्यात एकाच वेळी पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मतदानासारखी मुलांच्या बोटांना शाई लावली. लाखो नावांची मुले जागेवर सापडली नाहीत. काही नावे स्थलांतराची होती, काही आजारपणाची, पण कित्येक नावे नुसती कागदावर जन्मलेली होती. त्या नावांवर शिक्षकांची पदे मंजूर होत होती, अनुदान निघत होते, तांदूळ उचलला जात होता. त्याची सुरुवात कुठे झाली असेल? मला वाटते, पहिली दोन-तीन नावे पुष्कळ ठिकाणी चांगल्या हेतूनेच लिहिली गेली असतील. एका शिक्षकाची नोकरी वाचावी, एक तुकडी टिकावी, एवढ्यासाठी. पुढच्या वर्षी तो आकडा खाली आणता येत नाही, कारण मग आदल्या वर्षीचे खोटे उघडे पडते. म्हणून तो वाढतच जातो. बांध एकदा उंदराने पोखरला की पाणी कुठून जाते ते शोधत बसावे लागते, तसे.

आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. वर्गातल्या मुलांना सगळे ठाऊक असते. हजेरी घेताना एखादे नाव आले आणि कोणीच ‘हजर’ म्हणाले नाही, तरी गुरुजींनी खूण केली, हे पहिलीतले पोरही बघते. सकाळी प्रार्थनेत खरे बोलावे म्हणून शिकवायचे आणि पंधरा मिनिटांनी ही खूण करायची. मुलांना काय शिकायचे ते ती यातूनच शिकतात.

कारभाराच्या बाजूनेही खोटा पट घातकच आहे. आपल्या वजनकाट्यावर एकदा शंका आली की पुढच्या प्रत्येक पावतीवर शंका येते. काटा बरोबर असला तरी येते. खोटी नावे सापडलेला मुख्याध्यापक उद्या लिहील की ओढ्याला पूर असतो आणि मुले जाऊ शकत नाहीत. वरचा अधिकारी ते वाचून म्हणेल, याने पटही असाच लिहिला होता. म्हणजे ज्या सात मुलांसाठी खोटे लिहिले, त्यांच्या बाजूने बोलणारा एकमेव माणूस बिनवजनाचा झाला.

मग त्याने हातावर हात ठेवून बसायचे का? मुळीच नाही. पट सात असेल तर सातच लिहावा, आणि त्याच कागदाला जोडून बाकीचे सगळे लिहावे. जवळच्या दुसऱ्या शाळेचे अंतर पायी मोजून लिहावे. वाटेत ओढे किती, साकव आहे की नाही, कोणत्या तारखांना वाट बंद होती, हे रोजनिशीत नोंदवावे. येत्या तीन वर्षांत पहिलीला येणारी वाडीतली मुले अंगणवाडीच्या वहीवरून दाखवावीत. आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्यावा. या समितीत कायद्याने पंचाहत्तर टक्के पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या बाया. ठरावाखाली त्या सात मुलांच्या आयांच्या सह्या किंवा अंगठे असले म्हणजे तो कागद कचऱ्याच्या टोपलीत टाकणे सोपे नसते. एवढे करूनही शाळा हलवायचीच असा हुकूम आला, तर वाहनाची सोय लेखी मागावी आणि ती मिळेपर्यंत पाठ सोडू नये. निर्णय वरच्यांचा असेल, पण तो खऱ्या माहितीवर घेतलेला असेल. मला इथे मुख्याध्यापकाचा धर्म एवढाच दिसतो, आणि तो काही सोपा नाही. पटावर दोन नावे वाढवायला दोन मिनिटे लागतात. हे सगळे करायला अख्खा पावसाळा जातो.

पुण्यातला जुना वाद

आपल्या जिल्ह्यात या विषयावर मोठी माणसे मोठ्या तडफेने भांडली आहेत. १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक वगैरे मंडळींनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकर लगोलग येऊन मिळाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज. या मंडळींनी ठरवले की सरकारी नोकरीच्या मागे लागायचे नाही, वीस वर्षे थोड्या पगारावर शिकवायचे. आजीव सभासदाला महिना पंचाहत्तर रुपये.

पुढे भांडण कशावरून झाले? टिळक आणि आगरकर यांचा समाजसुधारणेवरचा मतभेद सगळ्यांना माहीत असतो. पण संस्थेच्या आतला वाद कारभाराचा होता. टिळकांचे म्हणणे असे, की ज्याने संस्थेला वाहून घेतले त्याचा सगळा वेळ संस्थेचा. बाहेरचे काम करून मिळकत केली तर तीही संस्थेचीच असावी. बाकीच्यांचे म्हणणे, की काम चोख करून उरलेला वेळ ज्याचा त्याचा आहे, आणि संसारी माणसाला पंचाहत्तर रुपयांत भागवायचे तर थोडी मोकळीक हवी. १८९० साली तरुण गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले तेव्हा हा वाद विकोपाला गेला. त्याच वर्षी टिळकांनी राजीनामा दिला. स्वतःच्या हाताने उभी केलेली संस्था सोडली.

कोण बरोबर होते? माझ्या मते दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते, आणि म्हणूनच हा वाद अभ्यासण्यासारखा आहे. आजही कॉलेजातला प्राध्यापक बाहेर क्लास घेतो, संस्थेचा सचिव दुसऱ्या संस्थेतही पदाधिकारी असतो, कुलगुरू चार समित्यांवर फिरतात. हा वेळ कोणाचा? टिळकांचा नियम इतका कडक की त्या नियमाने चालायला सगळे टिळकच हवेत. उलट, ज्याचे त्याने ठरवावे म्हटले की पहिला तास रिकामा जायला लागतो. मला त्यातून घेण्यासारखे वाटते ते असे, की नियम भांडणाच्या आधी लिहावा. माणूस समोर आल्यावर लिहिलेला नियम त्या माणसावर मारलेला दगड वाटतो. डेक्कन सोसायटीतले लोक सचोटीचे होते, पैसे कोणी खात नव्हते, तरीही संस्था फुटायची वेळ आली. म्हणजे माणसे चांगली असली की भागते, हा समजही पुरता खरा नाही.

याच संस्थेतली दुसरी गोष्ट रँग्लर परांजप्यांची. रघुनाथराव परांजपे १८९९ साली केंब्रिजला गणितात पहिले आले. सरकारी शिक्षणखात्यात मोठ्या पगाराची जागा त्यांना सहज मिळाली असती. पण विलायतेला जाण्याआधी त्यांनी सोसायटीला शब्द दिलेला होता. ते परत आले आणि आजीव सभासदाच्या पगारावर फर्ग्युसनमध्ये शिकवू लागले. १९०२ पासून वीस वर्षांच्या वर ते तिथे प्राचार्य होते. ज्याने स्वतः शब्द पाळला, त्या प्राचार्याला दुसऱ्याला शब्द पाळ म्हणून सांगायला फार बोलावे लागले नसेल.

बाप आणि लेक

धोंडो केशव कर्वे हे १८९१ साली फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आले, टिळकांच्या रिकाम्या जागेवर. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले. त्या काळी ही काय बाब होती ते आज समजायचे नाही. मुरूडला, त्यांच्या गावी, घरादारावर बहिष्कार पडला. पुण्यातही कुजबुज कमी नव्हती. संस्था लोकांच्या देणग्यांवर चालायची आणि देणगी देणारे बहुतेक जुन्या वळणाचे. अशा वेळी कारभारी म्हणतात, ‘तुमचे काम चांगलेच आहे हो, पण संस्थेला त्रास नको.’ फर्ग्युसनने तसे केले नाही. कर्वे आपल्या जागेवर राहिले, १९१४ पर्यंत तिथेच शिकवीत राहिले, आणि मिळालेल्या वेळात त्यांनी हिंगण्याचा आश्रम उभा केला. पुढे १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. संस्थेने एक माणूस सांभाळला, त्यातून काय झाले बघा.

त्यांचेच थोरले चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे. तेही गणिताचेच प्राध्यापक, मुंबईच्या विल्सन कॉलेजात. त्यांनी संततिनियमनाचा उघड प्रचार सुरू केला. हे काम आणि कॉलेजची नोकरी एकत्र चालणार नाही असे ठरले आणि १९२५ साली त्यांना राजीनामा द्यावा लागला. १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ साली मरेपर्यंत हालअपेष्टांत चालवले. आज कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर त्याची चित्रे असतात.

कॉलेजच्या कारभाऱ्यांना मी दुष्ट म्हणत नाही. मिशनची संस्था, पालकांचे दडपण, विद्यार्थी कमी होण्याची भीती, हे सगळे त्यांच्यापुढे असणार. पण बापाला ठेवून घेणारी संस्था आणि लेकाला घालवणारी संस्था यांच्यात फरक काय, हे प्रत्येक विश्वस्त मंडळाने एकदा बसून बोलावे. मला दिसते ते असे: पहिल्या ठिकाणी विचारले गेले, हा माणूस वर्गात नीट शिकवतो का? दुसऱ्या ठिकाणी विचारले गेले, बाहेर लोक काय म्हणतील? आपल्याकडे एखाद्या मास्तराने जातीबाहेर लग्न केले किंवा ग्रामसभेत नको तो प्रश्न विचारला की संस्थेकडे लगेच माणसे येतात, ‘याची बदली करा.’ तेव्हा विश्वस्तांनी पहिला प्रश्न विचारावा. उत्तर ‘नीट शिकवतो’ असे आले, तर आलेल्या मंडळींना चहा पाजून परत पाठवावे.

देणगी, नाव आणि चिठ्ठी

कर्मवीर भाऊराव पाटलांविषयी आपल्या भागात सांगायचे म्हणजे पंढरपूरकराला विठोबा सांगण्यासारखे आहे. १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह सुरू केले. सगळ्या जातींची मुले एका पंगतीत. नुसती पंगत वेगळी मांडली असती तर देणगी देणारे कितीतरी जण पुढे आले असते. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, पण पंगत एकच राहिली. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव दिले गेले.

१९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. कॉलेजला आपले नाव द्या, मी मोठी रक्कम देतो, असे एक धनिक म्हणाले आणि भाऊरावांनी शिवाजी महाराजांचे नाव बदलायला साफ नकार दिला, अशी आठवण सांगतात. संस्थेकडे तेव्हा पैशाची रेलचेल होती असे नाही. १९४८ साली तर सरकारने संस्थेचे अनुदानच बंद केले होते, ते पुढे पुन्हा सुरू झाले. त्या काळात लोकांनी धान्य दिले, पैसे दिले, पोरांनी खडी फोडली, शेतात राबली. कमवा आणि शिका हे नुसते बोलायचे वाक्य नव्हते.

देणगी घेऊच नये असे मी म्हणत नाही. देणगीवाचून शाळा उभी राहत नाही. फक्त बघायचे एवढेच, की देणगीबरोबर काय मागितले आहे. खोलीवर पाटी मागितली तर लावावी. प्रवेशाची जागा मागितली, भाच्याला नोकरी मागितली, तर ती देणगी नव्हे. ती खरेदी.

हे सांगायचे कारण आपल्याच घरात आहे. १९८३ साली वसंतदादा मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली. सहकारातल्या पुढाऱ्यांनी ती काढली. शेतकऱ्याची मुले इंजिनियर झाली, हे त्यातले चांगले. पण प्रवेशासाठी पैसे घेण्याची रीत इतकी बोकाळली की १९८७ साली तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. मग सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटले चालले. २००५ चा इनामदार खटला आपल्या पुण्याचाच. २०१५ साली राज्याने प्रवेश आणि शुल्क ठरवायला वेगळा कायदा केला. एवढे होऊनही एखादा बाप वर्षाचे ऊसबिल घेऊन कोणाच्या तरी बैठकीत बसलेला दिसतो. त्या बापाला दोष देणे मला जमत नाही. पण त्याच्या मुलाला जागा मिळाली म्हणजे कमी पैशाच्या, जास्त गुणांच्या कोणाची तरी गेली, आणि तो कोण हे त्याला कधी कळत नाही.

प्राचार्याला चिठ्ठ्या येतातच. आम्हांला तोडीच्या येतात, त्यांना प्रवेशाच्या. यावर एका निवृत्त प्राचार्यांनी मला सांगितलेला उपाय साधा होता. प्रवेशाची यादी गुणांसकट फळ्यावर लावायची, आणि आलेली प्रत्येक चिठ्ठी त्या अर्जाच्या फाइलला टाचून ठेवायची. फाइल कोणीही बघू शकतो हे कळल्यावर चिठ्ठ्या आपोआप आटल्या, असे ते म्हणाले. स्वतःच्या नात्यातला अर्ज आला की ते त्या दिवशी समितीतून उठून जात. हे मला फार आवडले.

धनंजयराव गाडगीळ हे नाव इथे घ्यायला हवे. प्रवरेचा कारखाना १९५० साली उभा राहिला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर अध्यक्ष म्हणून तेच होते. हेच गाडगीळ गोखले अर्थशास्त्र संस्थेचे १९३० पासून संचालक आणि १९६६ साली पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. कारखान्याची खुर्ची आणि विद्यापीठाची खुर्ची एकाच माणसाने सांभाळली, हे आपल्या संचालकांनी आणि प्राचार्यांनी दोघांनीही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

फडातली मुले

आता आपल्या बांधावरचा विषय. गळीत हंगाम लागला की बीड, अहिल्यानगर, जळगाव अशा भागांतून तोडणीच्या टोळ्या येतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, आणि त्यांच्याबरोबर मुले. ही मुले सुरुवातीला गावच्या शाळेच्या पटावर असतात, दिवाळीनंतर इकडे फडात. तिकडच्या मुख्याध्यापकाने काय लिहायचे? हजर लिहिले तर खोटे. नाव कमी केले तर मूल शाळेबाहेर पडले आणि परत येईल याचा भरवसा नाही. खरी नोंद ‘स्थलांतरित’ अशी करून, मुलाच्या हाती शिक्षण हमी पत्रक देऊन, ते कोणत्या कारखान्याकडे गेले हे लिहून ठेवणे, हाच सरळ मार्ग. शक्य तिथे आजी-आजोबांकडे मूल ठेवून हंगामी वसतिगृहाची सोय लावावी.

आणि इकडचा मुख्याध्यापक? त्याच्या दारात मार्चपर्यंतचे पाहुणे उभे. त्यांना घेतले तर वर्गाचा निकाल खाली येईल, पट मध्येच वाढेल आणि मध्येच उतरेल, कागदपत्रे नाहीत. ‘दाखला आणा, मग बघू’ असे म्हणून त्यांना परत पाठवणे सोपे. पण कायदा तसे म्हणत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवायचे आणि पाचव्या कलमाप्रमाणे दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारायचा नाही. एका मुख्याध्यापकाने मला विचारले, ‘साहेब, चार महिन्यांत मी यांना काय शिकवणार?’ शंका रास्त आहे. पण त्या चार महिन्यांत ते मूल कोयत्याच्या धारेपासून आणि बैलगाडीच्या चाकापासून लांब राहते. एवढे झाले तरी पुष्कळ झाले, आणि बाराखडी आली तर ती वर.

सभासदांनी यात करायचे काम आहे. आपल्या फडाच्या कडेला कोप्या पडल्या की त्यांत सहा ते चौदा वर्षांची मुले किती, ते चिटबॉयला सांगावे. यंदा मुकादमांच्या नोंदी घेताना टोळीतल्या मुलांची नावे, वय, इयत्ता आणि गावच्या शाळेचे नाव लिहून घ्यायला गट कार्यालयांना सांगितलेले आहे. याद्या जवळच्या शाळांकडे पाठवू. ज्या गावांत शाळा कोपीपासून दोन किलोमीटरच्या पलीकडे आहे, तिथल्या सभासदांपैकी कोणाचा ट्रॅक्टर किंवा जीप सकाळी त्या बाजूला जात असेल, त्यांनी गट कार्यालयात नाव द्यावे.

— ऊसविकास अधिकारी